तिसऱ्यांदा सैल झालेला नळ

आमच्या संडासातला नळ तिसऱ्यांदा सैल झाला तेव्हा मी चिडलो होतो. धनकवडीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारत १९९१ सालची. संडास तीन फूट बाय चार फूट, आत एक पायरी, पायरीवर देशी भांडं आणि डाव्या हाताला फूटभर उंचीवर पितळी नळ. पहिल्यांदा हलला तेव्हा टेफ्लॉन गुंडाळून परत बसवला. दुसऱ्यांदा भिंत फोडून एल्बोच बदलला, सिमेंट भरलं आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. महिन्याभरात पुन्हा खुळखुळायला लागला. मी बसवलेले नळ लोकांच्या घरात वीस-वीस वर्षं जागचे हललेले नाहीत, आणि माझ्याच घरात ही गत.

तिसऱ्यांदा पाना घेऊन आत गेलो तेव्हा बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, नळाचं काय बघताय? आत्या कशा उठतात ते बघा."

"दार लावलेलं असतं. बघणार कसं?"

"मग ऐका. आधी नळ कुरकुरतो, मग आत्या 'पांडुरंगा' म्हणतात, मग बऱ्याच वेळानं कडी वाजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर उभा राहून ऐकलं. तिन्ही आवाज त्याच क्रमाने आले. आई, म्हणजे बायकोच्या आत्या, नळाला धरून स्वतःला ओढून उठत होती. वडील गेल्यावर ती गावाहून आमच्याकडे आली, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दीड वर्ष ती रोज हे करत होती आणि मी फक्त नळ आवळत होतो.

मी प्लंबर आहे. १९९३ साली कोरेगाव तालुक्यातून पुण्याला आलो, एका मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं बिगारी म्हणून राबलो, नंतर स्वतःची कामं धरली. त्यातली निम्मी कामं एकाच जातीची: जुनं भांडं काढून नवं बसवायचं. माणसं म्हातारी होतात, गुडघे वाकेनासे होतात, डॉक्टर उकिडवं बसू नका म्हणून सांगतात आणि मग मुलगा किंवा सून मला फोन करते. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांपासून कोथरूड-वारज्याच्या सोसायट्यांपर्यंत किती भांडी बदलली याचा हिशेब ठेवला नाही, पण आकडा हजाराच्या पुढेच जाईल. तेव्हा हे निवडायचं कसं, हे मला कळतं असं मी समजत होतो. आईच्या वेळेला त्यातलं बरंचसं पुन्हा शिकलो.

ग्राहकाची सुरुवात बहुतेक वेळा दुकानातून होते. कुटुंब गाडी काढून सॅनिटरीच्या दुकानात जातं, तिथं दिव्याखाली चकाकणाऱ्या रांगेतून एक कमोड पसंत करतं, आगाऊ पैसे देतं आणि मग मला बोलावतं. मी टेप लावतो आणि मला सांगावं लागतं की हा इथं बसणार नाही. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मलाच वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की कमोडची निवड आधी भिंतीतला पाइप करतो.

कमोडच्या पोटात वाकडी मान असते. त्या मानेत पाणी अडून राहतं आणि ते पाणी गटारातला वास वर येऊ देत नाही. चांगल्या कमोडमध्ये हा पाण्याचा अडसर दोन इंचांचा असतो. मान खाली वळून जमिनीत जात असेल तर तो एस ट्रॅप, मागे वळून भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस असेल तर मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बाजारात मुख्यतः चार, नऊ आणि बारा इंचाचे मिळतात. हे अंतर टाइलच्या तोंडापासून धरायचं. टाइल आणि तिच्यामागचा माल धरून इंच-सव्वा इंच सहज जातो आणि आमच्या कामात दोन सुतांचा फरकसुद्धा महागात पडतो. पी ट्रॅप असेल तर भोकाची उंची बघायची, ती तयार फरशीपासून साधारण सात इंचांवर लागते.

सहकारनगरमधल्या एका घरी जमिनीतलं भोक बारा इंचांवर होतं आणि मंडळींनी नऊ इंची कमोड आणून ठेवला होता. बसला असता, पण टाकीच्या मागे तीन इंचांची फट राहिली असती आणि कमोड तेवढाच पुढे आला असता. दार आत उघडणारं. ते कमोडला अडलं असतं. घरच्या ताई म्हणाल्या, दार थोडं तासून घेऊ. मी नको म्हटलं आणि कमोड बदलून आणायला लावला. दुकानदार कुरकुरला, पण त्याने बदलून दिला.

माझी स्वतःची एक चूक मात्र अशी निस्तरता आली नाही.

१९९९ सालची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक होते, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडे देशी भांडं काढून कमोड बसवायचा होता. देशी भांड्याच्या खाली वेगळा ट्रॅप असतो, तो कोब्यात गाडलेला. तो काढायचा म्हणजे खोलवर फोडणं, खालच्या मजल्यावर गळती होण्याची भीती, पुन्हा वॉटरप्रूफिंग, तीन-चार दिवसांचं काम आणि घरात फक्त एक संडास. मी नवा होतो, लवकर काम करून दाखवण्याची हौस होती. वरचं भांडं तेवढं काढलं, जुना ट्रॅप खाली तसाच ठेवला आणि त्याच्यावर कमोड बसवला. दीड दिवसात काम झालं, काकांनी ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले.

कमोडच्या पोटात एक पाण्याचा अडसर, खाली जुन्या ट्रॅपमध्ये दुसरा. दोघांच्या मधली हवा कोंडते, तिला जायला वाट नसते. फ्लश केला की पाणी त्या हवेवर आदळतं, जोर मरतो आणि मैला मधेच रेंगाळतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मिस्त्रींनी सांगितली होती. पण मी ती टाळली. दोन महिन्यांनी, गौरी जेवायच्या दिवशी, घरात पंधरा पाहुणे असताना ते तुंबलं. पाणी उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये आलं. मी रात्री नऊ वाजता पोचलो तेव्हा काकू कडेने पोती टाकून पाणी अडवत होत्या. काका ओरडले नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याबरोबर उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "खाली काय आहे ते बघायचं राहून गेलं का रे?"

राहून गेलं नव्हतं, हे मी त्यांना त्याच रात्री सांगितलं. पुढच्या आठवड्यात माझ्या खर्चाने सगळं फोडलं, जुना ट्रॅप काढला, नवा बेंड टाकला, कोबा केला, दोन दिवस पाणी कोंडून ठेवून खालच्या घरातलं छत तपासलं आणि मग तोच कमोड परत बसवला. त्या चार दिवसांत काका रोज स्टूल घेऊन दारात बसत. मूळचे ते कणकवलीकडचे. अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. कोकणचे गांधी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस १९३२ साली तुरुंगात असताना, सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषणाला बसला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैला कुणाला डोक्यावरून वाहावा लागू नये अशा संडासाची रचना करण्यात वर्षं घातली. काका म्हणायचे, पुण्यातसुद्धा टोपल्यांचे संडास आम्ही पाहिले, मागच्या बोळातून माणसं येऊन टोपली उचलून न्यायची. पाण्याच्या अडसराची ती वाकडी मान १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट करून घेतली, हेही त्यांनीच सांगितलं. एका घड्याळजीने लावलेल्या शोधामुळे टोपली उचलणारे हात सुटू शकतात, हे त्यांना फार मोठं वाटायचं. मलाही वाटतं.

त्या चार दिवसांत काकूंनी मला घरातल्याच कपातून चहा दिला. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळीकडे असं होत नाही. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेलो की वेगळी वागणूक आणि संडासाचं काम असलं की वेगळी, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. प्लास्टिकचा कप आणि लांबून दिलेलं पाणी. माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हातमोजे देतो आणि काम संपल्यावर साबणाने हात धुऊन, पुसून घरच्यांसमोर ताठ उभं राहायला सांगतो.

आता आईकडे येतो.

नळाची कुरकुर ऐकली त्याच संध्याकाळी मी तिच्याजवळ विषय काढला. ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं त्या खुर्चीवर. अंगाला लागतं, किळस येती. हाय त्ये बरं हाय." गावाला आमच्याकडे संडास आला तो गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाच्या वेळेला, २००१ साली. त्याच्याआधी आईने चाळीस वर्षं पहाटे अंधारात ओढ्याकडची वाट धरली. दोन शोषखड्ड्यांचा तो संडास मी सुट्टी घेऊन स्वतः बांधला. त्या भांड्याचा उतार तीव्र असतो आणि पाण्याचा अडसर पाऊण इंचाचाच, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात सगळं साफ होतं. आईला त्या संडासाचा अभिमान होता. शेजारणींना ती तो उघडून दाखवायची. इतक्या उशिरा, इतक्या कष्टाने मिळालेली गोष्ट आता सोडा असं मी तिला सांगत होतो, हे मला त्या संध्याकाळी लक्षात आलं नाही. नंतर आलं.

मी हट्ट केला नाही. तिला फक्त पाटावर भिंतीला टेकून बसायला सांगितलं आणि उठून दाखव म्हटलं. तिला उठता आलं नाही. मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. उठली, पण बसलेली असताना तिच्या टाचा फरशीला टेकत नव्हत्या. मी टेप काढला. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत साडेचौदा इंच. आई चार फूट आठ इंच आहे. मी तिचा मुलगा, तिची उंची मला माहीत होती. पण हे माप मी कधी घेतलंच नव्हतं. तिचंही नाही आणि इतक्या वर्षांत कुठल्या ग्राहकाचंही नाही.

म्हाताऱ्या माणसासाठी उंच कमोड घ्या, हा सल्ला मी डोळे झाकून देत आलो होतो. साधा कमोड सीट धरून साडेपंधरा-सोळा इंच भरतो, उंच सतरा ते एकोणीस. उंच सीटवरून उठायला गुडघ्याला कमी जोर लागतो, हे खरं. काकांसारख्या पाच फूट दहा इंचांच्या माणसाला तो उत्तम. पण आमच्याकडच्या लहानखुऱ्या बायका त्याच्यावर बसल्या की पाय अधांतरी राहतात, मांडीच्या खालच्या बाजूला सीटची कड रुतते, पायाला मुंग्या येतात आणि पाय टेकत नाहीत म्हणून जोरही करता येत नाही. मग पोट साफ होत नाही. उकिडवं बसण्याची सवय ज्यांच्या हाडात आहे त्यांना तर फारच त्रास होतो. कितीतरी आज्यांना मी उंच कमोड बसवून दिले आणि खूश होऊन घरी आलो. त्यांच्यातल्या कितीजणींचे पाय लोंबकळत राहिले असतील, हे मनात आलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही. दोघींच्या घरी मी पुढे जाऊन पायाखाली ठेवायचे ठोकळे करून दिले.

आईला दुकानात नेलं. ती आधी तयार नव्हती, पण नातीने हात धरला तशी आली. दुकानातल्या पोराला वाटलं मी नेहमीसारखा एकटा माल घ्यायला आलोय. मी त्याला सांगितलं, आज माझी आई निवडणार आहे. त्याने खुर्ची आणली, पाणी दिलं. रांगेतल्या पहिल्या कमोडजवळ जाऊन आई थांबली आणि तिने बोटाचं पेर वाकवून त्याच्यावर टिचकी मारली, बाजारात माठ घेताना मारतात तशी. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. चौथ्याला म्हणाली, "ह्यो बद्द वाजतोय."

पोरगा हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्या मिस्त्रींनी मला हेच शिकवलं होतं. चांगलं भांडं बाराशे अंशांच्या आसपास भाजलेलं असतं, पार काचेसारखं झालेलं. त्याच्या अंगात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी मुरत नाही आणि ते खणखणीत वाजतं. भाजणीत कमी पडलेलं किंवा वाहतुकीत केसाएवढी चीर गेलेलं बद्द वाजतं. मी चौथा कमोड उजेडात ओढून तिरपा धरला. मागच्या बाजूला, बोल्टच्या भोकापासून खाली, बोटभर लांबीची बारीक चीर होती. पोराने तो मुकाट्याने बाजूला काढला. आईने माठ पारखत उन्हाळे काढलेत, तिला भाजलेल्या मातीचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कळतो.

मी तिला सांगितलं, आता प्रत्येकावर बसून बघ. झाकणावर, साडीनिशी. ती लाजली. नातीने पदर धरून आडोसा केला. उंच कमोडवर बसली तेव्हा चपलेचा अंगठा तेवढा फरशीला लागत होता. सोळा इंचीवर तळव्याचा पुढचा भाग टेकला, टाच अर्धा इंच वर राहिली. साडेपंधरावर टाच टेकली. त्याहून बुटका घेतला असता तर उठताना गुडघे भरून आले असते. टाच टेकेल त्यात सर्वांत उंच, असं माझं नवं माप त्या दिवशी ठरलं आणि तेव्हापासून मी प्रत्येक घरी ज्याच्यासाठी भांडं घ्यायचं त्या माणसाचा गुडघा आधी मोजतो.

बाकीच्या गोष्टी मी ठरवल्या. भिंतीला टांगलेला कमोड मला स्वतःला आवडतो, खाली फरशी मोकळी राहते, झाडू फिरतो, उंची हवी तशी धरता येते. पण त्याला भिंतीत लोखंडी चौकट आणि लपवलेली टाकी लागते, आमची भिंत साडेचार इंची. ते मनातून काढून टाकलं. पाणी ओढून नेणारा, सायफनचा, शांत असतो आणि दिसायला रुबाबदार. त्याची मान लांब आणि अरुंद असते. पाणी गेलं आणि बादलीने ओतायची वेळ आली की तो साथ देत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी एक वेळ येतं. म्हणून पाण्याच्या धक्क्याने साफ होणारा साधा, आखूड मानेचा घेतला. आत हात घालून मानेत झिलई फिरलीय का ते बोटांनी चाचपून पाहिलं, तिथं खरखर असेल तर घाण धरते. आयएस २५५६ चा शिक्का पाहिला.

टाकी दोन बटणांची, तीन आणि सहा लिटरची. आमच्या जुन्या टाकीत दहा लिटर जायचे. आम्ही घरात पाच माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा धरले तर अडीचशे लिटर. नव्या टाकीने एकदा मोठं आणि चारदा छोटं बटण दाबलं तर माणशी अठरा, पाच जणांचे नव्वद. रोजचे एकशेसाठ लिटर वाचले, दोन महिन्यांत जवळपास एक दहा हजार लिटरचा टँकर. सोसायटीच्या बैठकीत मी हा हिशेब मांडला तेव्हा तिघांनी टाक्या बदलल्या. मात्र एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली: जिथं कमोडपासून उभ्या पाइपापर्यंतचं आडवं अंतर जास्त आहे आणि जुना बिडाचा पाइप आतून गंजून खरबरीत झालाय, तिथं घट्टासाठी सहाचंच बटण दाबा. चाळीस इंचांना एक इंच उतार नसेल तर तीन लिटर पाणी मैला पुढे नेत नाही, वाटेत सोडून देतं.

फोडायला शनिवारी सुरुवात केली. पायरी काढायची हे मी आधीच ठरवलं होतं. या पायऱ्या मी शेकडो घरांत पाहिल्या आहेत. बांधणाऱ्याने स्लॅब पुरेसा खाली घेतलेला नसतो, म्हणून ट्रॅप मावावा यासाठी भांडं उचलून घेतात आणि माणसाने जन्मभर ओल्या फरशीवरून सहा इंच चढायचं-उतरायचं. पायरी ठेवली असती तर माझं काम सोपं होतं. पायरी काढली तर जुनं भोक फरशीलगत येत होतं आणि पी ट्रॅपला ते सात इंचांवर हवं. मी पी ट्रॅपच घेतला होता, कारण मैला भिंतीतून सरळ बाहेरच्या पाइपात जातो, आडवं अंतर हातभरसुद्धा राहत नाही आणि स्लॅबला धक्का लागत नाही. कोअर कटरने नवं भोक पाडलं, बाहेर पाळण्यावर उभं राहून उभ्या पाइपात नवा टी बसवला. जुना ट्रॅप पूर्ण काढला. त्याच्या खालचा भराव उकरताना काकांची आठवण आली. ते २०११ साली गेले.

कमोड सिमेंटमध्ये गाडू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक ठिकाणी तो गाडलेलाच सापडतो. मग पुढे बदलायची वेळ आली की हातोड्याने फोडूनच काढावा लागतो, फरशीही जाते. रॉवल प्लग, स्क्रू आणि कडेने सिलिकॉन, एवढं पुरतं. पाणसळ लावून आडवा-उभा बघितला. संध्याकाळी टाकीत चिमूटभर नीळ टाकली आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू दिला नाही. भांड्यातलं पाणी पांढरं राहिलं. निळं झालं असतं तर टाकीचा वॉल्व्ह गळतोय असं समजायचं. ही गळती डोळ्याला दिसत नाही, रात्रंदिवस चालू राहते. साफ करायला अॅसिड वापरायचं नाही, असं घरात सांगितलं. त्याने झिलई जाते आणि एकदा झिलई गेली की भांडं कितीही घासलं तरी कळकट दिसतं.

दारही उलटं केलं, आता ते बाहेर उघडतं. एका ग्राहकाचे वडील आत चक्कर येऊन पडले होते. त्यांच्याच अंगाने दार आतून अडलं आणि झरोक्याच्या काचा काढून मला आत उतरावं लागलं. ते वाचले. तेव्हापासून ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथं दाराचे पैसे मी घेत नाही, पण ते फिरवल्याशिवाय काम सोडत नाही.

आईला पहिले चार-पाच दिवस जमलं नाही. ती आत जायची आणि तशीच बाहेर यायची. बायकोने तिच्यासाठी सीटवर आधी गरम पाण्याने भिजवलेलं फडकं फिरवून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे गार लागणार नाही आणि स्वच्छ आहे हे तिला दिसेल. मी पायाखाली ठेवायला पाच इंच उंचीचा लाकडी ठोकळा केला, वर रबर ठोकलं. बसल्यावर पाय त्याच्यावर घ्यायचे म्हणजे गुडघे वर येतात, उकिडवं बसल्यासारखं पोटावर दाब येतो. उठायच्या आधी ठोकळा पायानेच बाजूला सारायचा आणि टाचा फरशीवर टेकवायच्या. सहाव्या दिवशी ती बाहेर आली आणि बायकोला हळूच काहीतरी म्हणाली. बायकोने मला स्वयंपाकघरातून खूण केली.

धरायला स्टीलची कांब मी पहिल्याच दिवशी बसवली होती. सगळीकडे बसवतो तशी, बाजूच्या भिंतीला आडवी, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. भक्कम, माझं वजन टाकून तपासलेली. पण कुरकुर थांबली नव्हती. पंधरा दिवसांनी मी दाराबाहेर उभा राहिलो तर आधी नळाचाच आवाज आला, मग पांडुरंगाचा.

मी आईला साडीवर, झाकण लावून बसवलं आणि उठायला सांगितलं. ती पुढे वाकली. तिचा डावा हात कांबेवरून तसाच पुढे गेला, खाली वाकून जुन्या नळाकडे. उठताना माणूस पुढेच झुकतो, त्याचा हात कोपराजवळ राहत नाही. आणि दीड वर्ष तिच्या हाताला तीच जागा माहीत होती. मी खडूने भिंतीवर, जिथं तिची बोटं जात होती त्याच्या बरोबर वर, उभी रेघ मारली. तिला तीन वेळा उठवलं, तिन्ही वेळा हात त्या रेघेच्या इंच-दीड इंचाच्या आत आला.

आडवी कांब काढली आणि त्या रेघेवर उभी बसवली, खालचं टोक नळाच्या वर वीतभर. आईने धरून पाहिली, हलवून पाहिली, मग पेराने एकदा वाजवली.

आडव्या कांबेची चार भोकं मी व्हाइट सिमेंटने बुजवली. टाइल क्रीम रंगाची आहे, ती भोकं अजून दिसतात.